तळहातावरची लोकर

"माझं कातडं मला ओळखतं."

क्लॅरी ट्रेझाइज हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा. लोकर कातरायच्या यंत्राच्या दातांनी अंगठा चिरला तर म्हणायचा. थंडीत बाकीच्यांचे हात फुटायचे, त्यांनी मलमाची डबी पुढे केली की म्हणायचा. डॉक्टरांनी एकदा त्याच्या मनगटाला चार टाके घालायचे ठरवलं, तेव्हा हा खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला होता. "उद्या सकाळी बघा. माझं कातडं मला ओळखतं." आणि दुसऱ्या दिवशी खरंच ती जखम तोंड मिटून बसलेली होती.

वारिनपमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. वारिनप म्हणजे पर्थपासून लांब, गव्हाच्या रानातलं गाव. एक रस्ता, धान्याचं उंच कोठार, छोटा दवाखाना, आणि चहूकडे मेंढ्या. इथे माणसाला त्याच्या हातावरून ओळखतात. क्लॅरीचा उजवा तळहात तर दाखवायच्या लायकीचा होता. बोटांच्या मुळाशी शिंगासारखे चार घट्टे, मधे यंत्र बसायची खाच, आणि चाळीस वर्षांचं लोकरीतलं तेल मुरलेलं. त्या घट्ट्यावर तो काडी ओढायचा आणि ती पेटायची.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला बसता येत नसे. चहा उभ्याने. जेवण अर्धं उभ्याने. चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून. त्याची बायको नोलीन सांगायची, "एकोणतीस वर्षं संसार केला. घरात सहा खुर्च्या आहेत. या माणसाने एकीचीही गादी चेपलेली नाही."

त्याची खरी जागा एकच होती. मूरालपच्या शेतावर जुनी लाकडी कातरशेड आहे, तिथली एक नंबरची जागा, दाराच्या लगतची. शेडमध्ये कातरणाऱ्यांच्या सहा जागा. बाकी ठिकाणी चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. मूरालपला एक नंबरसाठी एकतीस वर्षांत चिठ्ठी पडली नव्हती. सप्टेंबरचा पहिला सोमवार, सकाळी साडेसात, क्लॅरीचा टॉवेल त्या जागेवरच्या खिळ्याला लटकला की वारिनपमध्ये वसंत सुरू झाला असं धरायचं.

मग जानेवारीत, भर उन्हाळ्यात, ती आग आली.

कापणीच्या यंत्राची ठिणगी गव्हाच्या वाळक्या धांड्यांत पडली आणि वाऱ्याने पुढचं काम केलं. क्लॅरी त्या दिवशी कुंपण नीट करत होता. कोपऱ्यातल्या कुरणात तीनशे मेंढ्या फाटकाला छाती लावून ओरडत होत्या, आणि फाटकाची साखळी अडकलेली. हातमोजे तो आयुष्यात कधी घालत नसे. त्याने तापलेली साखळी उजव्या हाताने धरली. ती सुटेना. त्याने सोडली नाही. ती सुटली तेव्हा तीनशे मेंढ्या बाहेर पडल्या आणि तळहाताची कातडी साखळीवर राहिली.

बुटांचे तळ वितळले होते. दोन्ही पाय खालून फोडांनी भरले होते. पर्थच्या मोठ्या दवाखान्यात पायांचं त्यांना विशेष वाटलं नाही. ते वरवर भाजलेत, आपले आपण भरतील, म्हणाले. हात मात्र खोल गेला होता. मांडीच्या वरच्या टोकाची, जांघेजवळची जाड कातडी काढून तिथे शिवली. पाच आठवडे तो तिथे होता. टाचांवर चालत तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा, रात्री, पहाटे, डॉक्टर बोलत असतानासुद्धा. परिचारिकांनी त्याचं नाव पंखा ठेवलं होतं.

मार्चमध्ये तो परतला. पाय बरे झाले होते, हात शिवलेला होता, आणि एकच प्रश्न त्याला दिवसभर गावातून पळवत होता. सप्टेंबरपर्यंत हा हात यंत्र धरेल का?

गावच्या दवाखान्यात पट्टी बदलायला ब्रॉन होती. रेल्वेतल्या लाइनमनची ही मुलगी. पर्थला तेरा वर्षं ती एका प्रयोगशाळेत होती. तिथे माणसांची कातडी चपट्या बाटल्यांतून वाढवत. रोज सकाळी पेशींना खायला घालायचं, उबेत ठेवायचं, बुरशी लागू द्यायची नाही, हे तिचं काम. आई म्हातारी झाली तशी ती गावी आली आणि पुन्हा परिचारिका झाली. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी, आणि बोलणं सरळ.

"धरेल का?" क्लॅरीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कप धरेल," ब्रॉन म्हणाली. "सुरी धरेल. यंत्राचं आत्ता विचारू नकोस."

"माझं कातडं मला—"

"हो, हो. हात उलटा कर."

मे महिन्यात त्या तळहातावर केस आले.

आधी त्याला वाटलं, पट्टीचा कापूस चिकटलाय. मग त्याने हात खिडकीपाशी नेला. काळे, वळणदार, मांडीवर असतात तसेच्या तसे. तळहाताला केस नसतात, हे लहान पोरालाही माहीत. त्याने मूठ मिटली आणि दोन दिवस ती कुणापुढे उघडली नाही. पण हुइयापुढे काय लपणार?

हुइया समुद्रापलीकडची, न्यूझीलंडची. पंधरा वर्षांपूर्वी एका हंगामापुरती आली आणि राहून गेली. शेडमध्ये दोन नंबरची जागा तिची, क्लॅरीच्या खांद्याला खांदा लावून आठ वर्षं. दिवसाला दोनशे मेंढ्या कातरायची आणि वर गाणी म्हणायची. ती क्लॅरीला काका म्हणायची, पण त्यात मान किती आणि चेष्टा किती हे त्याला कधी कळलं नाही. तिसऱ्या दिवशी क्लॅरी टोळीला भेटायला जवळच्या एका शेडवर गेला, तेव्हा चहाच्या वेळी तिने सरळ त्याचं मनगट पकडलं आणि बोटं उघडली.

"अगं बाई! काका, तुला लोकर आली की!"

कातरणाऱ्यांची सगळी टोळी जमली. मर्व्ह म्हणून टोळीचा मुकादम होता, त्याने चष्मा लावून पाहिलं. "जात कुठली?"

"सरमिसळ दिसते," हुइया म्हणाली. तिने एक केस दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, वर्गवारी करणारे लोकरीचा धागा पाहतात तसा. "खरबरीत आहे. कपड्याला नाही चालायची. पायपुसण्याला जाईल."

"सोमवारी कळपात उभा राहा," मर्व्ह म्हणाला. "आधी तुलाच घेऊ."

क्लॅरीही हसला. पण हसताना तो दारापर्यंत जाऊन परत आला, आणि पुन्हा गेला.

घरी नोलीनने तिचा चिमटा त्याच्यापुढे टाकला. "उपट एकदाचे. जेवताना नजर जाते माझी."

क्लॅरी ताठ झाला. "कातरणारा माणूस उपटत नाही."

"केस आहेत, क्लॅरी. मेंढी नाही."

"उपटणं हे आपलं काम नव्हे. ज्यांना कातरता येत नाही ते उपटतात." आणि त्याने दाढीचं पातं घेतलं, साबण लावला, आणि तळहात कातरला. खालपासून वर, एका लांब फेरात, मेंढीच्या पोटाकडून सुरुवात करावी तसा. मग दर रविवारी, दाढी झाली की तळहात. नोलीनने चिमटा पुन्हा खणात ठेवला. या हट्टाचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

जूनच्या शेवटी त्याने घरामागच्या पडवीत यंत्र टांगलं आणि घरच्या दोन मेंढ्या आणल्या. पहिली अर्धी झाली नाही तोच हात सरकायला लागला. ही कातडी गुळगुळीत, चकचकीत, घामाने ओली. यंत्र हातात होतं, पण हात यंत्रात नव्हता. जुन्या तळहाताला यंत्राची गुणगुण बदलली की कळायचं, दात बोथट झालेत, तेल संपलंय, लोखंड तापलंय. या तळहाताला काहीच ऐकू येत नव्हतं. दुसरी मेंढी संपायच्या आत पाण्याचा फोड आला, अंड्याएवढा.

त्याच आठवड्यात मर्व्ह घरी आला. चहा घेतला, नोलीनच्या केकची तारीफ केली, पावसावर बोलला. मग टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "क्लॅरी, मूरालपची यादी करायचीय. ऑगस्टच्या शेवटी मला सांग. नाही जमलं तर हुइयाला एक नंबरला घ्यावं लागेल. दाराची जागा रिकामी ठेवता येत नाही, लेका."

"जमेल," क्लॅरी उभ्यानेच म्हणाला.

मर्व्ह गेल्यावर त्याने पडवीतून जॅमचा रिकामा डबा काढला.

टोळीतल्या जुन्या लोकांची ही रीत आहे. नवा माणूस कामाला लागला आणि त्याचे हात मऊ असले, की त्याला स्पिरिट आणि मिठाच्या डब्यात हात बुडवायला सांगायचे. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. आग आग होते, मग कातडी सुकते, पिवळी पडते, घट्ट होते. क्लॅरीने स्वतः कितीतरी लोकांना तो डबा दिला होता. आता तो स्वतः त्यात हात घालून पडवीत उभा राहायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत. ब्रॉनला सांगितलं नाही. तिच्याकडे जायचं त्याने टाळलं. "बरा आहे हात," असा निरोप धाडला.

आणि हात घट्ट झाला! तिसऱ्या आठवड्यात तो जेवणाच्या टेबलावर तळहात आपटायचा. टक्, असा लाकडासारखा आवाज यायचा.

"ऐकलंस?" तो नोलीनला विचारायचा. "ऐकलंस? आला परत."

नोलीन ऐकायची आणि ताटं उचलायची. त्या आवाजात तिला काहीतरी पोकळ वाटत होतं.

जुलैच्या शेवटी एका सकाळी तो चुलीसाठी सरपण आणायला गेला. आमच्याकडे चुलीत मॅलीची मुळं जाळतात. मॅली हे बुटकं झाड, एका बुंध्यातून दहा फांद्या फुटतात, पण जमिनीखाली त्याचं मूळ डोक्याएवढं, कधी पिंपाएवढं. शेत करायचं तर ती मुळं खणून काढावी लागतात. तसलं एक मूळ क्लॅरीने उजव्या हाताने उचललं आणि पिळून फिरवलं. तळहातावरचा सगळा घट्ट थर, हातमोजा निघावा तसा, त्या मुळावर राहिला. खाली लाल, ओलं, उघडं मांस.

तो ओरडला नाही. मूळ घेऊन स्वयंपाकघरात आला, ते चुलीत घातलं, मग हात नोलीनपुढे धरला. नोलीनने गाडीची किल्ली उचलली.

ब्रॉनने हात पाहिला. मग नाक जवळ नेलं.

"कशात बुडवलास?"

"कशात नाही."

"क्लॅरी, हाताला दारूच्या गुत्त्यासारखा वास येतोय."

"स्पिरिट," नोलीन म्हणाली. "आणि मीठ. जॅमच्या डब्यात. तीन आठवडे."

ब्रॉन स्टूल ओढून बसली. क्लॅरी उभाच होता. "खाली बस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की तो बसला. टोकावर, पण बसला.

"तुला वाटलं, घट्टे वरून बसतात," ती म्हणाली. "वरून नाही बसत. वर जे दिसतं ते मेलेलंच असतं. तुझं, माझं, सगळ्यांचं. रोज झडतं. नोलीन केर काढते त्यात थोडा तूही असतोस."

"तरीच," नोलीन म्हणाली. "घरात बसत नाही, पण कचरा करतो."

"त्या मेलेल्याच्या खाली एक थर असतो, कागदाहून पातळ. तो जिवंत. त्यात मूळपेशी असतात. मी तेरा वर्षं त्यांनाच खायला घालत होते. एकीच्या दोन होतात. साधारण एक तिथेच राहते, घर सांभाळते. दुसरी वर निघते. वर जाता जाता चपटी होते, कडक होते, मरते, आणि मेल्यावर कामाला लागते. महिनाभराचा रस्ता आहे. तू यंत्र दाबून धरतोस, घासतोस, ते खाली समजतं, आणि खालून जास्त जणी वर येतात. त्याला घट्टा म्हणतात. तू वरचं शिजवलंस आणि खालच्यांना जाळलंस."

क्लॅरीचा पाय हलायला लागला होता. "चाळीस वर्षं कधी असं झालं नाही. माझं कातडं मला ओळखतं."

"ते ओळखत होतं. ते साखळीवर राहिलं. हे मांडीचं आहे. आपल्याबरोबर खालची गादीही घेऊन आलंय, आणि ती गादी त्याला अजून सांगते की तू मांडी आहेस, केस उगव, मऊ राहा. तळहाताचं काम त्याला कुणी शिकवलंच नाही. मांडीला तू आयुष्यात काय काम दिलंस?"

"बसायचं काम होतं," नोलीन म्हणाली. "तेही दिलं नाही."

 क्लॅरी उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "म्हणजे संपलं."

ब्रॉनने त्याचा हात दिव्याखाली घेतला आणि भिंग लावलं. बराच वेळ ती पाहत राहिली. पेपरमिंटची गोळी दातांवर वाजली आणि थांबली.

"ते केस आले होते. त्यांचं काय केलंस? उपटलेस?"

"उपटले नाहीत."

"खरं सांग."

"मी कातरणारा आहे," क्लॅरीचा चेहरा लाल झाला. "कातरले. दर रविवारी."

ब्रॉन पहिल्यांदा हसली. "मग तुझ्या हट्टाला नमस्कार. हे बघ. हे काळे ठिपके. प्रत्येक केसाचा खड्डा खोल गेलेला असतो, आणि त्या खड्ड्याच्या पोटात मूळपेशींचा वेगळा साठा असतो. एरवी त्या केसाचं काम बघतात. वरची कातडी गेली की केस सोडून कातडी करायला बाहेर येतात. चिमट्याने उपटून खड्डे पिकवले असतेस तर हेही गेलं असतं. आता बघू. पण तीन आठवडे या हाताने काही करायचं नाही. काही म्हणजे काही. हवासुद्धा धरायची नाही."

तीन आठवडे! क्लॅरीने ते कसे काढले हे गाव अजून सांगतं. हात गळ्यात बांधलेला, आणि माणूस रस्त्यावर. घरापासून धान्याच्या कोठारापर्यंत, आणि परत. सकाळी चार फेऱ्या, दुपारी सहा. दुकानदारीण म्हणायची, याच्यावर घड्याळ लावता येतं, फक्त ते पुढे पळतं. एक दिवसाआड तो ब्रॉनकडे जायचा, वेळेच्या अर्धा तास आधी, आणि दारात उभा राहायचा.

सहाव्या दिवशी लाल मांसावर टाचणीच्या डोक्याएवढे फिके ठिपके दिसले, जिथे जिथे केसाचा खड्डा होता तिथे तिथे. दहाव्या दिवशी ते मसुरीएवढे झाले. कडेकडेनेही पातळ किनार आत सरकत होती. क्लॅरीने स्वतःसाठी भिंग विकत आणलं. नोलीन उठायच्या आत तो खिडकीशी हात धरून उभा असायचा. वाढलं की नाही? कालच्यापेक्षा वाढलं की नाही?

कोठाराच्या वाटेवर एक मॅलीचं रान होतं, जानेवारीच्या आगीत सबंध जळालेलं. फांद्यांचे काळे दांडके उभे होते. एका फेरीत क्लॅरी तिथे थांबला. तो थांबला हीच मोठी गोष्ट. प्रत्येक काळ्या बुडख्याशी, मातीतून, लालसर कोवळ्या पानांचा झुबका वर आला होता. मधे राख, आणि राखेत हे झुबके, जवळ जवळ सरकत.

"मॅलीसारखं आहे ते," पट्टी सोडताना तो ब्रॉनला म्हणाला.

"आहेच. वरचं गेलं तरी मूळ खाली असतं."

"आयुष्यभर ती मुळं मी खणून चुलीत घातली."

"म्हणून तर म्हणते," ब्रॉन म्हणाली, "थोडी राहू दे."

ऑगस्ट संपता संपता ठिपके एकमेकांना भिडले. हात झाकला गेला. पातळ, गुलाबी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. क्लॅरीने बोटं मिटून उघडून पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. ब्रॉनला ती चमक आवडली नाही.

"ऐक. पर्थच्या डॉक्टरांशी बोलले मी. जानेवारीत तुझे पाय भाजलेले होते, म्हणून त्यांना मांडी घ्यावी लागली. आता पाय बरे आहेत. तळपायाच्या कमानीची कातडी, तिच्या खालच्या गादीसकट, ते तुझ्या हातावर लावतील. पाऊल आणि तळहात सख्खी भावंडं. घट्टा म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. पण चार महिने. आधी पाय टेकायचा नाही, मग हात वापरायचा नाही. पर्थच्या दवाखान्यात तुझी खाट येत्या सोमवारपासून ठेवलीय. पर्थची बस मूरालपच्या फाटकावरून सव्वानऊला जाते."

"सोमवारी साडेसातला मी शेडमध्ये असतो," क्लॅरी म्हणाला.

"या हाताने हंगाम केलास तर हे खड्डेही झिजतील. मग खाली काही उरणार नाही. तिसऱ्यांदा उगवायला कुणी नसेल. कदाचित पायाची कातडीसुद्धा नीट धरणार नाही." तिने पट्टीची कात्री खाली ठेवली. "सांगायचं ते सांगितलं."

त्या संध्याकाळी क्लॅरीने मर्व्हला निरोप दिला, मी येतोय.  रविवारी नोलीनने दोन पिशव्या भरल्या. एकीत टॉवेल आणि कातरताना घालायचे गोणपाटाचे मऊ जोडे. दुसरीत पायजमे, दाढीचं सामान, भिंग. दोन्ही गाडीत शेजारी शेजारी ठेवल्या.

सोमवार उजाडला. शेडमध्ये लाकडाला मुरलेल्या तेलाचा वास, खाली मेंढ्यांच्या खुरांचा खडखडाट. क्लॅरी दारातून आत आला. त्याने टॉवेल एक नंबरच्या खिळ्याला लावला.

"आला वसंत," हुइया म्हणाली. मग हळूच, "हात कसा आहे, काका?"

"माझं कातडं—" क्लॅरीने सुरू केलं आणि पुढचं गिळलं.

घंटा झाली. सहा दोऱ्या ओढल्या गेल्या, सहा यंत्रं घुमली. क्लॅरीने पहिली मेंढी ओढून बसवली, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली. पोट, मग मागचा पाय, मग मान. डाव्या हाताने तिची कातडी ताणून सपाट करायची आणि उजव्याने त्यावरून जायचं, हे त्याच्या अंगात होतं. मग तो लांब फेर, शेपटीपासून डोक्यापर्यंत, ज्यासाठी लोक दारात उभे राहून पाहायचे. लोकर एकसंध खाली पडली, पांघरूण सरकावं तशी. खाली मेंढीची गुलाबी कातडी, कुठेही ओरखडा नाही. पुढच्या वसंतात ती पुन्हा भरलेली असणार. मुळं जागेवर ठेवून कापलं की असं होतं. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता आणि त्याने कधी त्याचा विचार केला नव्हता.

हुइयाच्या तोवर दोन झाल्या होत्या.

त्याने हात पाहिला. मधोमध, यंत्र बसतं तिथे, पाण्याचा एक बारीक मणी. फुटलेला नाही. अजून नाही. आणि यंत्र किती तापलं होतं ते त्याला कळलंच नव्हतं. डाव्या हाताने चाचपल्यावर चटका बसला.

दुसरी मेंढी जागेमागच्या कोंडवाड्याच्या दारापाशी उभी होती. तो तिच्याकडे दोन पावलं गेला. परत आला. पुन्हा गेला. एकतीस वर्षं तो त्या दारातून मेंढ्या ओढत होता.

मग त्याने दोरी ओढून यंत्र बंद केलं.

पाच यंत्रांच्या आवाजात एकाचं गप्प होणं फार मोठं ऐकू येतं. हुइयानेही आपलं थांबवलं. "काय झालं?"

"एक झाली," क्लॅरी म्हणाला. त्याने खिळ्यावरून टॉवेल काढला. "जागा धर."

हुइयाने कपाळावरचा घाम पुसला. रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "धरते. घेत नाही."

"मर्व्हला सांग, एक नंबर तुझा."

"सांगीन काय सांगायचं ते. तू कुठे निघालास?"

क्लॅरी दारात वळला. मूठ हलकेच मिटलेली, आत काहीतरी नाजूक धरल्यासारखी.

"बसायला," तो म्हणाला.

सबंध शेड हसली. मर्व्ह हसला, लोकर उचलणाऱ्या बाया हसल्या, आणि क्लॅरीही हसला. पायाच्या कातडीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. हुइया मागून ओरडली, "पाय जपून टाक, काका! त्यात तुझा हात आहे!"

बाहेर नोलीन गाडी सुरू ठेवून बसली होती. तिने दार उघडून धरलं. त्याने आतून दुसरी पिशवी उचलली, टॉवेल सीटवर टाकला आणि मान हलवली. "फाटकापर्यंत चालतो. पुढे बरेच दिवस चालायला मिळणार नाही."

तो निघाला. गोणपाटाचे जोडे घालून, मातीच्या वाटेवरून, प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवत, एरवीपेक्षा सावकाश. नोलीन गाडीतून पाहत होती, तिने गियर टाकला नव्हता. कुंपणाआड त्याने नुकतीच कातरलेली मेंढी, उघड्या गुलाबी अंगाने, मान वर करून पाहत होती. आणि शेडच्या दारात हुइया उभी होती. आत गेल्यावर ती एक नंबरच्या जागेवर उभी राहिली, पण टॉवेल तिने आपल्या जुन्या, दोन नंबरच्याच खिळ्याला राहू दिला.